खरवड

रेकॉर्ड हातात कशी धरायची याचे आमच्या लहानपणी एक शास्त्र होते. नुकता लाटलेला पापड गच्चीवर नेताना बायका जशा तो दोन्ही तळहातांवर तोलून नेतात, तशी ती न्यायची. काळ्या भागाला बोट लागता कामा नये. हात धुतलेले हवेत, पण ओले नकोत. आमच्या घरी फियेस्टा होता. वडील (आम्ही त्यांना आबा म्हणत असू) प्राथमिक शाळेत शिक्षक. त्यामुळे शाळेत मुलांच्या कानाला आणि घरी रेकॉर्डला हात लावण्याचा हक्क फक्त त्यांचा. सुई टेकवताना ते श्वास रोखून धरीत. आम्ही चार भावंडेही रोखून धरीत असू; न जाणो, फुंकरीने गाणे उडून जायचे!

एकदा मधल्या बहिणीची बांगडी एका एल.पी.ला लागली आणि ओरखडा उमटला. तेव्हापासून ती रेकॉर्ड त्या जागी आली की गायिका तेच तीन शब्द पुनःपुन्हा म्हणत बसे आणि आबा सुईला बोटाने हलकेच पुढे सरकवत बहिणीच्या नावाने ओरडत. पुढे तिचे लग्न झाले, ती अकोल्याला नांदायला गेली, तिला दोन मुले झाली. तरी गाणे त्या जागी आले की आबा स्वयंपाकघराच्या दिशेने तिचे नाव घेतच.

अशा घराण्यात जन्मलेले माझे चिरंजीव गेली दीड वर्षे ओरखडा काढायला शिकताहेत. रोज दोन तास, दार लावून. इंग्रजीत त्याला स्क्रॅचिंग म्हणतात. आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्याच दिवशी त्याचे भाषांतर केले : "खरवडणं." दुधाच्या पातेल्याच्या बुडाशी उरते ती खरवड, एवढाच तिच्या डोक्यातला संदर्भ, पण भाषा संचालनालयाला याहून चांगला शब्द सुचला नसता, असे माझे मत आहे.

सुरुवातीला मात्र घरात मोठाच गैरसमज झाला होता. "आई, मी डीजे शिकणार," असे तो म्हणाला. आता हिंगोलीत डीजे हा माणूस नसतो, ट्रक असतो. "डीजे आला", "डीजे कोपऱ्यावर अडकला", "डीजेला जरा मागं घ्या" अशी आमच्याकडची वाक्यरचना आहे. त्या ट्रकच्या पाठीवर भिंतीएवढे स्पीकर रचलेले असतात. तो गल्लीत शिरला की मांडणीवरची पातेली आपोआप ताल धरतात, भिंतीचे पोपडे खाली येतात आणि हृदय आपले की स्पीकरचे, हे कळेनासे होते. तेव्हा मुलगा ट्रक चालवायला शिकणार, अशी हिची समजूत झाली आणि ती चक्क खूष झाली. त्यात निदान लायसन तरी मिळते.

वास्तविक आमचा जिल्हा शांततेबद्दल निवडून आलेला आहे. १ मे १९९९ रोजी आम्ही परभणीपासून वेगळे झालो तेही फारसा आवाज न करता. पुढे औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडियाची प्रयोगशाळा उभारायचे ठरले. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा. आणि त्यांनी ऐकायचे काय, तर कोट्यवधी वर्षांपूर्वी आकाशात कुठे दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली असतील तर त्याची थरथर. ही थरथर प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या हिश्श्याएवढी असते म्हणतात. तेवढे ऐकू यायचे तर भोवतालची जमीन स्वस्थ हवी. शास्त्रज्ञांनी देशभर जागा पाहिल्या आणि ती स्वस्थ जमीन त्यांना आमच्याकडे सापडली. बहुधा ते लग्नसराईत आले नसावेत.

तर यंत्र आले. नांदेडहून, सेकंडहँड, अठरा हजारांना. शाळेच्या दप्तराएवढी चपटी पेटी, तिच्यावर थाळीसारख्या दोन चकत्या, मध्ये सरकत्या खुंट्या आणि दिवे. रेकॉर्ड कुठेच नाही. गाणी सगळी कॉम्प्युटरच्या पोटात, चकत्या नुसत्या फिरवायला. शेजारच्या काकांनी आधीच पूर्वतयारी केली होती. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, हे २००० सालचे नियम त्यांना तोंडपाठ. मोबाइलवर डेसिबल मोजायची सोय करून ते तीन दिवस कुंपणाशी उभे होते. चौथ्या दिवशी आत आले. "काय हो, मशीन बिघडलं का?" त्यांच्या आवाजात खरीखुरी चिंता होती. मशीन ठणठणीत होते. पण शिकाऊ डीजेचे सारे संगीत हेडफोनच्या आत. बाहेर ऐकू येते ती फक्त खुंटीची टिकटिक, डाळीच्या डब्यात उंदीर शिरल्यासारखी. इतका निमूट संगीतकार गल्लीत दुसरा नाही. हार्मोनियम शिकणाऱ्या मुलाच्या आईबापांनी जे भोगले आहे, त्यातले आम्हाला काहीच भोगावे लागले नाही.

निमूट तो त्याआधीही होता. दोन वर्षे भरतीच्या परीक्षा दिल्या, दोन्ही याद्यांत नाव नव्हते. मग घरातले त्याचे बोलणे "भाजी वाढ" आणि "झालं" या दोन वाक्यांवर आले. मी विचारायचो, तो मान हलवायचा. मान होकाराची की नकाराची हे ठरवण्यात आमचा अर्धा तास जाई. म्हणून एके दिवशी तो आपण होऊन जेवताना बोलू लागला, तेव्हा विषय ब्राँक्सचा असला तरी आम्ही दोघांनी तो सोडला नाही. आमटी निवली, पण आम्ही ऐकत बसलो.

ब्राँक्स हा न्यूयॉर्कचा एक भाग. तिथे ११ ऑगस्ट १९७३ रोजी, सेजविक अॅव्हेन्यूवरच्या १५२० नंबरच्या इमारतीत, एका मुलीने शाळेच्या नव्या कपड्यांसाठी पैसे जमवायला पार्टी ठेवली. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. तिचा भाऊ कूल हर्क रेकॉर्डी वाजवायला. गाण्यात मध्येच गायक थांबून नुसते ढोल वाजू लागतात तेव्हाच लोक जोरात नाचतात, हे हर्कने हेरले होते. मग त्याने त्याच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन यंत्रांवर लावायच्या आणि एकीवरचे ढोल संपले की दुसरीवरचे सुरू करायचे, अशी रीत काढली. ढोल संपेचनात! "बहिणीच्या कपड्यांसाठी?" हिने विचारले. तेवढ्या एका मुद्द्यावर हिपहॉपला आमच्या घरात प्रवेश मिळाला.

दुसरा ग्रँडमास्टर फ्लॅश. ढोल नेमके कुठे सुरू होतात हे कळावे म्हणून हा रेकॉर्डवर रंगीत खडूने खुणा करी. आई शिवणकाम करणारी, त्यामुळे कापडांची पारख घरातच. रेकॉर्ड हाताने थांबवली तरी खालची चकती फिरत राहावी म्हणून त्याने फेल्टच्या गोल तुकड्याला स्टार्च मारून तो मध्ये घातला. आणि वडिलांकडे रेकॉर्डींचा मोठा संग्रह; त्याला हात लावला की पोराला मार. हे ऐकून मी सद्गदित झालो. आबांचे एक शाखा कार्यालय ब्राँक्समध्येही होते तर!

आणि तिसरा थिओडोर. १९७५ च्या सुमाराची गोष्ट, मुलगा बारा-तेरा वर्षांचा. खोलीत मोठ्याने रेकॉर्ड लावून बसला होता. आई दारात येऊन ओरडली, "आवाज कमी कर." ती बोलत असताना त्याने फिरती रेकॉर्ड हाताने धरून ठेवली आणि नकळत मागेपुढे हलवली. हेडफोनमध्ये खर्रर्र झाले. त्या खरखरीचे स्क्रॅचिंग झाले, असे तो स्वतः सांगतो.

"म्हणजे आई ओरडली म्हणून शोध लागला," ही म्हणाली. "मग ओरडायचं माझ्याकडे लागलं."

हे तिने शब्दशः पाळले आणि त्यातूनच पुढचे रामायण घडले. खरवडण्यासाठी एक छोटा आवाज लागतो. जगभरचे डीजे १९८२ सालच्या एका रेकॉर्डमधला "आऽऽ" वापरतात. महिनाभर आमच्या घरात तो "आऽऽ" चालला होता. घसा दाखवायला आलेल्या पेशंटांची रांग लागल्यासारखे वाटे. मग एका संध्याकाळी हिने स्वयंपाकघरातून मला हाक मारली, चिरंजीवांनी ती मोबाइलवर टिपली आणि यंत्रात भरली. "अहो!" एवढाच शब्द. चकती पुढे ढकलली की "अहो", मागे ओढली की "होअ". या मागेपुढे करण्याला बेबी स्क्रॅच म्हणतात. विद्येतले हे 'ग म भ न'. त्या दिवशी त्याने सरावासाठी हेडफोन काढून छोटा स्पीकर लावला होता. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. एकतीस वर्षांची सवय, पहिल्या तासात मी चौदा वेळा "काय गं?" म्हणालो.

पुढच्या पायऱ्या दोन हातांच्या. उजवा हात चकतीवर, डावा मधल्या खुंटीवर. खुंटी आवाजाचे दार उघडते आणि मिटते. ढकलता ढकलता शेवटाला दार मिटायचे आणि ओढताना उघडायचे, की "अहो"ची चिमणी होते, च्युक-च्युक. याला चर्प म्हणतात. चकती संथ चालवून दार फटाफट उघडमीट केले, की "अ-अ-हो-हो-ओ" : मोबाइलची रेंज जात असताना बायको हाक मारते तसे. हा ट्रान्स्फॉर्मर. ऐकायला गंमत, पण करायला हात तुटतात. रविवारी मोबाइलवर पुण्याहून शिकवणारे जे सर आहेत त्यांनी महिनाभर मिनिटाला सत्तर ठोक्यांवर नुसता बेबी स्क्रॅच करायला लावला. पाच मिनिटे उजव्या हाताने, पाच मिनिटे डाव्या. वेग वाढवायचा नाही, केलेले रेकॉर्ड करायचे आणि दुसऱ्या दिवशी ऐकायचे. गायकाच्या शब्दांवर खरवडायचे नाही, तो थांबेल तिथेच खरवडायचे. मला ते सर एकदम ओळखीचे वाटले. आबा पखवाज शिकायला येणाऱ्या पोरांना महिनाभर ता-दी-थुं-ना याखेरीज काही वाजवू देत नसत. गायकाच्या अंगावर हात टाकला तर पोराच्या अंगावर हात पडे.

थोरल्या काकूंचा आक्षेप वेगळा होता. थाळी उलटी फिरवणे त्यांना अभद्र वाटे. प्रदक्षिणा नेहमी उजवीकडून. "काकू, औंढ्याला तर अख्खं देऊळ फिरलं होतं की," चिरंजीव म्हणाले. नामदेव महाराजांना देवळापुढे कीर्तन करू दिले नाही, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले. नंदी आजही मागल्या बाजूला आहे तो त्यामुळे, असे आमच्याकडे पोर न पोर सांगते. नर्सी नामदेवला ज्यांचे माहेर त्या काकू यावर काय बोलणार? त्यांनी देवळाच्या दिशेने हात जोडले आणि थाळीचा विषय सोडला.

माझा या प्रकरणात प्रवेश झाला तो मिक्सिंगच्या वेळी. एक गाणे चालू असताना दुसरे त्यात असे मिसळायचे की ऐकणाऱ्याला सांधा कळू नये. येणारे गाणे आधी एका कानाने हेडफोनमध्ये ऐकायचे, दुसरा कान चालू गाण्याकडे. दोन्हींचा वेग सारखा करायचा, ठोक्यावर ठोका बसवायचा. निसटला की टांग्याचा घोडा लंगडतो. चाराचे घास मोजायचे, सोळा झाले की नवे आणायचे. आणि एकाचा खर्ज उतरवून मगच दुसऱ्याचा चढवायचा, कारण दोन खर्ज एकाच वेळी म्हणजे एका चुलीवर दोन सासवा. "बाबा, तुम्ही मोठ्यानं मोजा," तो म्हणायचा. आयुष्यभर कचेरीत आकड्यांच्या बेरजा केल्या, पण चाराच्या पुढे न जाणारी मोजणी मी पहिल्यांदाच करत होतो. एक दोन तीन चार. एक दोन तीन चार. दोन वर्षांत मुलाशी माझे इतके बोलणे झाले नव्हते.

हल्लीच्या गाण्यांचे सोपे असते. ती यंत्रावर जन्मलेली, मिनिटाला ब्याण्णव म्हणजे ब्याण्णव. बटण दाबले की दोन गाणी आपोआप जुळतात. भांडण सुरू झाले ते कॅसेटवरून. माळ्यावर फियेस्टाशेजारी एका डब्यात १९८६ च्या हरिनाम सप्ताहाची कॅसेट सापडली. भजनाला पखवाजावर आबा. त्यांना जाऊन एकोणीस वर्षे झाली. चिरंजीवांनी आजोबांना पाहिलेले असले तरी ऐकलेले नव्हते. जुन्या टू-इन-वनमधून वायर ओढून त्याने आबांना कॉम्प्युटरात घेतले. भजनी ठेका आठ मात्रांचा. हिपहॉपच्या चारावर तो बिनतक्रार बसायला हवा. पण बटण दाबले की आबा जुळायचे आणि दहा सेकंदांत निसटायचे. ते सुरुवातीला चौऱ्याऐंशीवर असत आणि गजराला एकशे चारवर जात.

मग त्याने कॉम्प्युटरकडून आबांना सरळ करून घेतले. प्रत्येक थाप रेघेवर. ते मी ऐकले आणि मला कसेसेच झाले. आबांना कुणी स्टार्चचा सदरा घालून फोटोला बसवल्यासारखे वाटत होते. "हे आबा नाहीत," मी म्हणालो. "आबांना ढोलाच्या मागं नको नेऊस. ढोलाला आबांच्या मागं ने."

"पण ते कधी पळणार, हे मला कसं कळणार?"

ते मला ठाऊक होते. त्या रात्री मी त्यांच्या मागेच बसलो होतो, कणकेची वाटी घेऊन. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, त्याने आवाज खोल होतो; खर्ज वाढवायची आबांची खुंटी म्हणजे आमच्या आईची परात. तिसऱ्या चरणानंतर आबा पळत, कारण मांडवात चहाची किटली शिरलेली असे आणि चहा गार झालेला त्यांना चालत नसे. मग एक खोकला. खोकल्यानंतर चार मात्रा ते सावरून वाजवीत. मग कणीक सुकू लागली की डावा हात बोदा बोले. यंत्रावर खुणांसाठी आठ रंगीत बटणे आहेत आणि त्यांना नावे देता येतात. फ्लॅशचा रंगीत खडू तो हाच. आमच्या कॉम्प्युटरवर ती नावे अशी उमटली : चहा, खोकला, सावरले, कणीक, गजर. पुण्याच्या सरांनी पडद्यावर ते पाहून विचारले, "हे कुठलं सॉफ्टवेअर?"

सव्वा महिना लागला. ढोलाच्या वेगाची खुंटी तो अंगठ्याने केसभर, केसभर सरकवत ठेवी आणि मी शेजारी बसून सांगे, "किटली आली. आता. आता." हळूहळू मी सांगायच्या आतच त्याचा अंगठा हलू लागला. शेवटी शेवटी मी नुसताच बसायचो.

गेल्या वैशाखात वसमतला एका नात्यातल्या मुलीची हळद होती. आमचा जिल्हा हळदीचा, वसमतची पेठच तिची. तिथे हळदीच्या कार्यक्रमात कसर चालत नाही. ट्रक परवडत नव्हता, चिरंजीव फुकट होते. तासभर त्याने पोरांना हवे ते वाजवले. दहाला वीस मिनिटे कमी असताना गाणे विरळ होत गेले, नुसता ढोल उरला आणि त्याच्या खालून आबा आले. पोरे नाचतच होती. त्यांना एवढेच कळले की आता पाय जास्त सोपे पडताहेत. किटलीच्या जागी ढोल आबांच्या मागोमाग धावला, कुठेही लंगडला नाही. गायक जिथे दम घेत होता तिथे दोनदा "अ-अ-अहो" आले. मी यावेळी "काय गं" म्हणालो नाही, पण ही शेजारून "बघा" म्हणाली.

गजर संपला तेव्हा मांडवाच्या कडेच्या खुर्चीवरून एक म्हातारे काका काठी टेकत टेबलापाशी आले. धोतर, टोपी, गळ्यात माळ. चिरंजीव सावरून उभे राहिले; अशा वेळी वडीलधारे काय बोलायला येतात, याचा अनुभव प्रत्येक डीजेला असतो.

"हे नर्सीच्या सप्त्याचं हाय," काका म्हणाले. "गुरुजीचा हात हाय ह्यो."

मी म्हटले, "हो. आमचे वडील."

त्यांनी मान डोलावली. मग काठीचे टोक यंत्राकडे रोखले.

"ह्यात टाळ माझे हायेत. लई कमी यायलेत."

चिरंजीवांनी त्यांना वरच्या सुराची खुंटी दाखवली, त्यांचे बोट तिच्यावर ठेवले आणि कॅसेट पुन्हा गजरावर नेली. काकांनी ती उजवीकडे फिरवली. आणखी फिरवली. टाळ खणखणले. पखवाज जवळजवळ ऐकू येईनासा झाला, तेव्हा कुठे त्यांचे समाधान झाले.